पट्टीने खोडलेले दोन शब्द

त्याच्या टेबलावर एक लाकडी पट्टी असायची, एका कडेला पितळेची धार बसवलेली. कचेरीतल्या प्रत्येक छापील कागदाच्या तळाशी, सहीच्या जागेवर, दोन शब्द आधीच छापलेले असायचे: इम आउफट्राग. म्हणजे 'आदेशावरून'. जर्मनीत सरकारी माणूस सही करतो ती स्वतःची म्हणून करत नाही, वरच्या कोणाच्या तरी आदेशावरून करतो. हा गडी त्या दोन शब्दांवर पट्टी ठेवायचा, पेनाने एक रेघ ओढायचा, पट्टी केसभर खाली सरकवायचा आणि दुसरी रेघ ओढायचा. मग टिपकागद. मग खाली आपलं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, पहिलीतल्या पोराने काढावं तसं. अर्धं मिनिट लागायचं. बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली असायची. खोळंबू देत, म्हणायचा.

मी सातवी शिकलेला माणूस. हयात लेथवर गेली. घरातलं लिहिण्याचं काम हिल्डेचं, माझ्या बायकोचं. ती फेब्रुवारीत गेली. आता घरात लिहायला मीच उरलोय, म्हणून लिहितोय. म्युनिकच्या महाराष्ट्र मंडळातली पोरं बरेच दिवस म्हणत होती, आजोबा, तुमच्या वेळचं काहीतरी लिहा. गार्चिंगला पीएचडी करणारी एक मुलगी परवा फोनवर म्हणाली, "आजोबा, राहण्याचा परवाना वाढवायला टाकला की सहा-सहा महिने उत्तर नाही. ईमेल करतो ती कोण वाचतं तेच कळत नाही. तुमच्या वेळी कसं होतं?"

आमच्या वेळी हा होता. त्याचं नाव लिहीत नाही. ज्याचं नाव त्याने स्वतः लिहावं, हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

आम्ही तिघं कोल्हापूरचे त्याला आपसात मामलेदार म्हणायचो. वयाने बापासारखा, पण आमच्या बोलण्यात तो 'तो'च होता, आता म्हातारपणी बदलणार नाही. पन्नासचं दशक संपत आलं होतं. उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्याने जर्मन मशिनं घेतली आणि ती शिकून यायला आम्हाला दोन वर्षांसाठी धाडलं. काम एका मोठ्या शहरात, त्सुफेनहाउझेनच्या बाजूला, पण त्या शहरात काळ्या पोरांना खोली देईना कोणी. मिळाली ती शहराबाहेर, दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून आमचा राहण्याचा परवाना जिल्ह्याच्या कचेरीतून, लांडराट्सआम्टमधून. तिथला सगळ्यात मोठा साहेब लांडराट. आपल्याकडचा कलेक्टर आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष एका कोटात घातले की झाला लांडराट. त्याला निवडून देतं क्राइसटाग, म्हणजे तिथली जिल्हा परिषद. तिच्या सभासदांना तो जरा वाकूनच असतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामलेदाराची खोली पहिल्या मजल्यावर. दारावर पाटी होती: परदेशी लोक, शिकार, मेंढ्या, धुराडी, नाचाचे कार्यक्रम. जिल्हा लहान, माणसं कमी, म्हणून एवढं सगळं एकाच्या गळ्यात. बाहेरच्या बाकावर माझ्या एका बाजूला काजळीने काळाठिक्कर झालेला धुराडंवाला, दुसऱ्या बाजूला मेंढपाळ, त्याचा कुत्रा माझ्या बुटावर झोपलेला. मेंढ्या एका जिल्ह्यातून दुसऱ्यात न्यायच्या तर परवाना लागायचा, कारण मेंढ्या वाटेत रोग पसरवतात. एकदा त्या मेंढपाळाचा कागद माझ्या फाइलवर पडला होता. मी वाचला. लिहिलं होतं, रोग आढळला नाही, पुढे जाऊ द्यावे.

मी विचारलं, "माझ्या फाइलवर काय लिहिता?"

"तेच," तो म्हणाला.

दिवसभर त्याच्या पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा लावलेल्या असायच्या. कोणी विचारलं तर म्हणायचा, कधी निघावं लागेल सांगता येत नाही. पाहुण्याच्या खुर्चीवर स्वतःची हॅट ठेवायचा. जो आत येऊन नमस्कार करेल त्याच्यासाठी हॅट उचलायचा. न करणारा उभा राहायचा, मग तो कोणी असो. दार कायम उघडं. आणि बरोबर दहा वाजता ड्रॉवरमधून सफरचंद काढायचा, आठ फोडी करायचा आणि समोर जो बसला असेल त्याला एक द्यायचा. पहिल्या वेळी मी घेईना. सरकारी माणसाचं खाल्लं तर काय होईल, ही भीती.

तो म्हणाला, "तुम्ही मला दिलं तर लाच. मी तुम्हाला दिलं तर सफरचंद. खा."

त्याची बोली तिकडची अडाणी, श्वाबी. शब्द अर्धे गिळायचा. पण कागदावरची भाषा इस्त्री केलेली. मला जर्मन शिकवणारं दुसरं कोण होतं? कारखान्यात शिव्या शिकलो आणि त्याच्या कागदांवरून बाकीचं. त्यामुळे पहिली दोन वर्षं मी एक तर फोरमनसारखा बोलायचो, नाहीतर राजपत्रासारखा.

पहिल्याच दिवशी त्याने माझं नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं.

"पूर्ण."

मी सांगितलं. माझं, वडलांचं, आडनाव.

"हे मधलं काय?"

"बापाचं नाव. आमच्यात घालतात."

त्याने पेन खाली ठेवलं. "प्रत्येकाच्या नावात?"

"हो."

"बरं करता," तो म्हणाला. "पुढे काही बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळतं."

तेव्हापासून तो मला कायम तिन्ही नावांनी हाक मारायचा. उच्चाराची पार वाट लावायचा, पण एक नाव गाळलं नाही. बाकी सगळ्या गावाला मी 'डेर इंडर' होतो, तो हिंदुस्थानी.

त्याचा एक प्रश्न होता. तो सगळ्यांना विचारायचा, शिपायापासून वरपर्यंत: "हे कोणी ठरवलं?" एकदा शेजारच्या खोलीतला कारकून म्हणाला, "हे नेहमी असंच करतात." मामलेदार खुर्चीतून उठला, दारापर्यंत गेला, कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना बघून आला आणि विचारलं, "हा 'नेहमी' कुठल्या खोलीत बसतो?" कारकून लाल झाला. ही असली खोड. त्यामुळे त्याला बढती मिळायची नाही, आणि त्याच्याशी गप्पा मारायला कोणी थांबायचं नाही.

परवाना वाढवायच्या आधी आरोग्य खात्याचा दाखला लागायचा. तेही जिल्ह्याचंच काम, त्याच इमारतीत, तळमजल्यावर. तिथे वजन-उंची घ्यायला आणि छातीचा फोटो काढायला पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती. माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य: "शर्ट काढा." दुसरं वाक्य: "अठ्ठेचाळीस किलो. खाता काय तुम्ही?" तीच हिल्डे.

पुढच्या महिन्यात मी परत गेलो. वजनाचं काही काम नव्हतं. काट्यावर उभा राहिलो आणि मला येत होती त्या जर्मनमध्ये म्हणालो, "मी याद्वारे अर्ज करतो की आपण येत्या रविवारी माझ्यासोबत फिरायला यावे. उत्तर लेखी दिल्यास चालेल." ती हसायला लागली ती थांबेना, भिंतीला टेकली. मग वजनाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं: मंजूर. सकाळी दहा. आणि खाली पूर्ण नाव. चाळीस-पन्नास वर्षं ती माझी ही नक्कल पाहुण्यांना करून दाखवायची. मला राग यायचा. आता कोण करणार?

दोन वर्षं संपत आली. माझे दोघे सोबती परतीच्या बोटीची तिकिटं काढून मोकळे झाले. मला जायचं नव्हतं. हिल्डे तेवीस वर्षांची, कायद्याने स्वतःचं बघायला मोकळी. तिच्या बापाची लाकडाची वखार होती आणि तो क्राइसटागचा सभासद होता. त्याला समजलं तेव्हा त्याने जेवणाचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि झोपायला गेला, संध्याकाळी सहाला. एक शब्द बोलला नाही. बोलला तो दुसऱ्या दिवशी लांडराटशी.

इकडे मी घोळ घालून ठेवला होता. परवाना वाढवायच्या फॉर्मवर एक रकाना असतो, राहण्याचे कारण. कोणीही शहाणा माणूस तिथे लिहितो, नोकरी. कारखाना मला ठेवायला तयार होता, मी नोकरी लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मामलेदार कायम म्हणायचा की कागदावर खरं लिहावं. मी लिहिलं: हिल्डे.

त्याने फॉर्म वाचला. परत वाचला.

"हे असं कोणी लिहीत नाही," तो म्हणाला.

"खोडू का?"

"खोटं आहे का?"

"नाही."

"मग कशाला खोडता?" त्याने शिक्का मारला. नंतर जरा वेळाने म्हणाला, "आता हा कागद वर जाणार. त्रास होईल. मी आधी बोलायला हवं होतं." त्याच्या तोंडून माफीसारखं एवढंच मी कधी ऐकलं.

त्रास झाला. आठवड्याने फाइल वरून खाली आली, तिच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला: नकार. हिरवी पेन्सिल अख्ख्या इमारतीत एकच माणूस वापरतो, लांडराट. बाकी कोणी हिरव्याला हात लावायचा नाही, असा नियमच. त्याला सही लागत नाही, रंगच सही. शब्द बघितला की खालच्याने पत्र टाइप करायचं, आदेशावरून सही करायची आणि टपालात टाकायचं. माझा परवाना शनिवारी संपत होता. नकाराचं पत्र निघालं असतं तर रविवारपासून मी बेकायदेशीर, पुढच्या बोटीने कोल्हापूर. परत यायला पैसा नाही, ओळख नाही. हिल्डे आणि मी संपलो असतो.

फाइल खाली आली त्या दिवशी दहा वाजता मी त्याच्यासमोर होतो. त्याने फोड दिली. हिरव्या शब्दाबद्दल काही बोलेना. मी त्या पट्टीकडे बघत होतो. शेवटी विचारलं की ही पट्टी कशासाठी? इतके दिवस विचारायचं धाडस झालं नव्हतं.

तो म्हणाला, "लढाईच्या वेळी मी याच इमारतीत होतो. माझ्या घरासमोर कापड विकणारं एक ज्यू कुटुंब राहायचं. नवरा, बायको आणि तिची आई. एका सकाळी त्यांना नेलं. दुपारी त्यांच्या घराची चावी माझ्या टेबलावर आली. पोच द्यायची होती. मी लिहिलं, चावी मिळाली. इम आउफट्राग. आणि सही केली, कोणाला वाचता येऊ नये अशी."

मी खुर्ची पुढे ओढली.

"लढाईनंतर चौकशी बसली. आम्ही पाच जण. ज्याला विचारलं तो म्हणाला, आदेशावरून. मीही म्हणालो. यादी करणारा, गाडी सांगणारा, चावी आणणारा, चावी घेणारा, सगळे घरी गेले. त्या तिघांना कोणी नेलं ते अजून ठरलेलं नाही."

"म्हणून पट्टी घेतली?"

"नाही हो. चौकशीनंतरही दोन वर्षं तशीच सही करत होतो. सवय. मग एक बाई कोळशाचा जादा वाटा मागायला आली, घरात आजारी मूल. मी नाही म्हटलं, आदेशावरून. तिने विचारलं, कोणी ठरवलं? मला सांगता येईना. त्या संध्याकाळी जाऊन पट्टी आणली."

हातातली फोड त्याने खाल्ली नव्हती. ती काळी पडली होती. त्याने ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

गुरुवारी मी बाकावर बसलो होतो. सुट्टी टाकून आलो होतो, उत्तर घेतल्याशिवाय जाणार नव्हतो. हिल्डेचा बाप आला. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ आत. नमस्कार केला नाही, त्यामुळे हॅट खुर्चीवरच राहिली आणि तो उभा राहिला. दहा वाजले होते. मामलेदाराने फोड पुढे केली. त्याने घेतली नाही.

"त्या इंडरचं झालं का?"

"त्यांना नाव आहे," मामलेदार म्हणाला आणि माझं नाव म्हणून दाखवलं, बापासकट.

"वर बोलून ठेवलंय मी."

"वर? वर आज धुराडंवाला आहे. छपरावर चढलाय."

"लांडराटसाहेबांशी."

"मग त्यांचा कागद आणा. माझ्याकडे एक हिरवा शब्द आलाय. कोणाचा, कळत नाही. खाली नाव नाही."

"या इमारतीत हिरवी पेन्सिल कोण वापरतं, तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"पेन्सिल दुकानात मिळते. तुमच्याकडेही असेल. वखारीत लाकडावर खुणा करायला लागते."

बाप वर गेला आणि पाच मिनिटांनी लांडराटला घेऊन खाली आला. लांडराट उंच, गोरापान, आवाज मऊ. कोणाशी भांडण नको असणारा माणूस. असली माणसं फार नुकसान करतात.

"काय अडलंय?" तो म्हणाला. "साधं पत्र आहे. तुम्ही सही करा, आदेशावरून."

"कोणाच्या?"

"अहो, माझ्या."

"छान." मामलेदाराने टाइपरायटरमध्ये कागद घातला. "मग नाव तुमचं घालतो, सही तुम्ही करा. कारण काय लिहू? नकाराला कारण लागतं."

 मामलेदार दोन बोटांनी टाइप करत होता आणि मोठ्याने वाचत होता, "अर्जदाराला राहण्याची परवानगी नाकारण्यात येत आहे, कारण..." हात वर धरून थांबला. "कारण?"

"या भागातल्या लोकांच्या भावना," लांडराट म्हणाला.

"किती लोकांच्या?"

हिल्डेचा बाप खिडकीबाहेर बघायला लागला.

मामलेदार परत टाइप करायला लागला, "कारण, मुलीचे वडील क्राइसटागचे सभासद असून..."

"थांबा," लांडराट म्हणाला. "हे लिहू नका. मी तुम्हाला आदेश देतोय."

"लेखी द्या. लेखी मागायचा मला हक्क आहे. मग मी पाळतो, आणि तुमचा कागद वर टाचून ठेवतो."

जिन्यात पावलं वाजली. हिल्डे वर आली होती, पांढऱ्या कोटात, हातात कोणाची तरी छातीची फिल्म. तळमजल्यापर्यंत सगळं ऐकू गेलं होतं, दार उघडं होतं ना. ती सरळ आत गेली, सगळ्यांना नमस्कार केला. मामलेदाराने हॅट उचलली. ती बसली.

"त्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात माझं नाव आहे," ती म्हणाली. "मला कोणी विचारलं का?"

"हिल्डे, घरी चल," बाप म्हणाला.

"नोकरीवर आहे मी, पापा."

मामलेदाराने स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "खरं आहे. तुमचा जबाब राहिलाच. चूक माझी." त्याने अर्धवट पत्र मशिनीतून काढून बाजूला ठेवलं, दोन कोरे कागद घातले, मध्ये कार्बन. "बोला."

हिल्डेने सांगितलं, त्याने टाइप केलं. चार ओळी. हा माणूस इथे राहावा असं मला वाटतं. आम्ही लग्न करणार आहोत. मला कोणी सांगितलेलं नाही, मी ठरवलं आहे. त्याचं वजन आता सत्तावन्न किलो आहे. ही शेवटची ओळ कशाला, असं त्याने विचारलं नाही, नुसती टाइप केली. तिने दोन्ही प्रतींखाली पूर्ण नाव लिहिलं.

मामलेदाराने तो जबाब आणि अर्धवट पत्र लांडराटपुढे शेजारी शेजारी मांडले आणि आपलं पेन त्याच्या हातात दिलं. "या एकावर नाव आहे. दुसऱ्यावर तुम्ही घाला."

लांडराटने पेन धरलं. त्या पत्रावर नाव घालायचं म्हणजे उद्या कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं.  मग पेन टेबलावर ठेवलं, म्हणाला, "मला मीटिंग आहे," आणि निघून गेला. बाप त्याच्या मागोमाग गेला. जिन्यात त्याच्याशी मोठ्याने बोलत होता, लांडराटचा आवाज काही आला नाही.

मामलेदाराने माझा परवाना काढला, पट्टी ठेवली, दोन रेघा ओढल्या, आणि सही केली.   अक्षरं नेहमीसारखी सुटी होती, वाचता येत होती. हिल्डेच्या जबाबाची कार्बनची प्रत माझ्या हातात देत म्हणाला, "जपून ठेवा. असला कागद मी पुन्हा करणार नाही."

त्याला करूच दिला नाही. दोन महिन्यांत परदेशी लोकांचं काम त्याच्याकडून काढलं, शिकार आणि नाचही काढले. तळघरात, बॉयलरच्या शेजारी खोली दिली. मेंढ्या आणि धुराडी तेवढी ठेवली. त्याने विचारलं म्हणे, हे कोणी ठरवलं? उत्तर आलं ते एक छापील कागद, सही वाचता न येणारी, आदेशावरून. तो त्याने भिंतीवर टाचून ठेवला होता. माझे पुढचे परवाने दुसऱ्याच माणसाने दिले. त्याचं नाव मला आजतागायत माहीत नाही.

आमच्या लग्नाला हिल्डेचा बाप आला नाही. मामलेदार आला, सायकलवरून, क्लिपा लावून. भेट म्हणून ती पट्टी आणली, कचेरीच्याच तपकिरी कागदात गुंडाळून. मी म्हटलं, मग तुम्हाला? म्हणाला, "तळघरात मेंढ्यांसाठी साधी पुरते."

पट्टी हिल्डेने स्वयंपाकघरात घेतली. माउलटाशनचं, म्हणजे तिकडच्या सारण भरलेल्या चौकोनी करंज्यांचं, पीठ कापायला तीच, आणि दिवाळीला शंकरपाळ्या कापायलाही तीच. माझ्या आईने पाठवलेल्या पत्रावरून ती शंकरपाळ्या शिकली. एक शंकरपाळं दुसऱ्यापेक्षा केसभर मोठं नसायचं. मी म्हणायचो, हिल्डे, हे खायचंय, जिल्ह्याच्या नकाशात भरायचं नाही. ती म्हणायची, वाकडं झालं तर कोणाचं नाव येईल?

तळघरात मी अधूनमधून जायचो, दहाच्या सुमारास. साठचं दशक संपायच्या आत तो गेला. मेंढपाळ आला होता पोचवायला, कुत्र्यासकट. कचेरीतून हार आला. हारावरच्या फितीवर कोणाचं नाव नव्हतं.

आता उरलेलं सांगतो. हिल्डे गेल्यावर लोक विचारायला लागले. कोल्हापूरचा पुतण्या म्हणतो, काका, आता कशाला तिथे, या. आमची मुलगी हॅम्बुर्गला बोलावते. तिला माझं मराठी कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. मी दोघांना एकच सांगतो. त्या रकान्यात मी जे लिहिलं होतं ते मी खोडलेलं नाही.

एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या कचेरीचं पत्र आलं. घरातला कचरा उचलणं हेही त्यांचंच काम. लिहिलं होतं: आपल्या घरातील व्यक्तींची संख्या बदलली आहे. आधी दोन. आता एक. कचऱ्याच्या डब्याची नोंद त्याप्रमाणे बदलली आहे. तळाशी, सहीच्या जागी: हे पत्र यंत्राने तयार केले असून सहीशिवाय ग्राह्य आहे.

मुलगी फोनवर म्हणाली, पापा, तो फक्त कचऱ्याचा कागद आहे. मी स्वयंपाकघरातून पट्टी घेतली, कोटाच्या आत घातली, तो कार्बनचा कागद घेतला आणि बसने गेलो.

नवी इमारत. काच सगळी. टोकन घ्यायचं. काउंटरवर तिशीतली बाई होती. मी पत्र पुढे ठेवलं.

"हे कोणी ठरवलं?"

"हे बघा, माहिती नगरपालिकेकडून येते, मग सिस्टीम आपोआप..."

"सिस्टीमची खोली कुठली?"

तिने पत्र उलटून पाहिलं. "तुम्हाला नेमकं काय हवंय? आकडा चुकलाय का?"

"आकड्याचं मी विचारत नाही. माझ्या घरात दोघं होती, आता एक आहे, असं कोण म्हणतंय ते विचारतोय."

मी पट्टी काढली. शेवटच्या ओळीवर ठेवली, एक रेघ ओढली, केसभर खाली सरकवली, दुसरी ओढली.  मग शेजारी हिल्डेचा जबाब ठेवला. पिवळा पडलाय, पण नाव वाचता येतं.

"या एकावर नाव आहे," मी म्हटलं. "दुसऱ्यावर तुम्ही घाला."

"मी त्यासाठी त्सुश्टेंडिश नाही. माझा अधिकार नाही तो."

"मग ज्याचा आहे त्याला बोलवा. मी बसतो. घरी वाट बघणारं कोणी नाही, तुम्हीच लिहिलंय."

तिने तो पिवळा कागद वाचला. चार ओळी. सत्तावन्न किलोपाशी जरा थांबली. मग पत्र ओढून घेतलं, खोडलेल्या ओळीच्या खाली हाताने लिहिलं, फ्राऊ हिल्डे वारल्या, आणि एक वेलांटीसारखी सही मारली.

"वाचता येईल अशी," मी म्हटलं.

तिने पेन परत उचललं. पहिलं नाव, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं. अर्धं मिनिट लागलं. मागे टोकनचे आकडे अडकले होते, एक जण घड्याळ बघून खाकरत होता.

खोळंबू देत.